नंबर पडलेलं त्रुब्लिऑन

मागणी एकच आहे: ती वाडगी परत द्या.

पत्रक असंच सुरू करायचं असतं. मागणी आधी, कारणं मग, निषेध शेवटी, आणि खाली सह्यांना जागा. पुण्यात कॉलेजात असताना मी असली पत्रकं ढिगाने लिहिली. मेसच्या आमटीवर लिहिलं, बसच्या पासवर लिहिलं, मुलींच्या हॉस्टेलच्या फाटकाला लागणाऱ्या कुलपावर तर इतकं लिहिलं की रेक्टरबाई मला नावाने हाक न मारता ‘काय पत्रक, आज काय नवीन?’ असं विचारायच्या. तीच मी पुढे रियाधला नोकरीला आले. आणि ज्या माणसासाठी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पत्रक लिहिलं, त्या माणसाने ते नीट घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली ठेवलं.

म्हणून हे पत्रक नाही. सह्या मागत नाही. त्या माणसाची आठवण येते, आणि मला आठवण आली की रागही येतो. माझ्यात या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत राहतात.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनीच बजावलंय. ‘माझां नाव नको घालू गो. नाव घातलंस की लोक माणूस शोधीत बसतात. वाडगीकडे कोण बघणार मग?’ ऑफिसात त्यांना सगळे मुहंदिस म्हणत. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, पण इकडे हातात पेन्सिल धरणारा कुणीही मुहंदिसच. मी चाचा म्हणायचे. पहिल्या दिवशी मी फोनवर वहिनीशी बोलत होते, ते ऐकून त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘घाटावरची काय गो तू?’

‘साताऱ्याची.’

‘म्हणजे मासे खात नसशील. खलास.’ एवढा निकाल देऊन त्यांनी पुन्हा कागदात डोकं घातलं. ते स्वतः श्रीवर्धनच्या बाजूचे, खाडीकाठच्या एका गावातले. ज्याला मासे कळत नाहीत त्याला जगातलं फारसं काही कळत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं, आणि ते मत ते माझ्या तोंडावर सांगायचे. मला स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात. आमचं जमलं.

आमची कंपनी संग्रहालयांची कामं करते. हल्ली इकडे संग्रहालयं धडाक्याने उभी राहतायत, त्यामुळे काम भरपूर. अल मलाझमधल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचं भांडार होतं. उत्खननातून आलेली खापरं, मडक्यांचे काठ, मोडके कान, तोट्या, सगळं ट्रेमध्ये रांगेने मांडलेलं. त्यांच्यासाठी पाट्या लिहिणं हे माझं काम, आणि त्यांची चित्रं काढणं हे चाचांचं. भांड्याचं चित्र काढायची एक ठरलेली रीत असते. मधोमध उभी रेघ. रेघेच्या एका अंगाला भांडं सुरीने कापल्यासारखं दाखवायचं, म्हणजे त्याची जाडी कळते. दुसऱ्या अंगाला ते बाहेरून दिसतं तसं. चाचा म्हणायचे, ‘अर्धां पोटातनं, अर्धां चारचौघांत. माणसाचां चित्र पण असांच काढायला पायजे.’

पण पेन्सिल टेकवण्याआधी ते खापर तळहातावर घेत, काठावरून अंगठा फिरवत आणि मोठ्याने विचारत, ‘ह्यातनं काय खाल्लं असंल?’

दररोज. प्रत्येक खापराला. उत्तर मिळाल्याशिवाय चित्र नाही.

‘डाळ,’ मी कामातून डोकं वर न काढता म्हणायचे.

‘डाळीला काठ आत कशाला वळवतील गो? धक्का बसला तरी सांडणार नाय असां कायतरी हाय. ताक. उंटावर बसून प्यालेला हाय कोणतरी.’

मग समाधानाने चित्र सुरू. मॅनेजर काचेतून घड्याळ दाखवायचा. चाचा त्याला बोटाने थांब म्हणायचे. कामाचा वेग या विषयावर त्यांना कंपनीकडून समज मिळाली होती, आणि ते कागद ते पेन्सिलीचं टोक करायला खाली अंथरायचे.

आता तो शब्द. त्रुब्लिऑन.

चाचा सौदीत आले ते दुकानांच्या पाट्या रंगवायला. इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, धंदा लिहिला होता ‘आमिल’, म्हणजे मजूर. पुढे वाळवंटातल्या एका उत्खननावर चित्रं काढणारा माणूस आजारी पडला, कुणीतरी म्हणालं हा पाट्या काढतो, याला न्या, आणि चाचा गेले. तिथे खापरांवर काम करणारी एक ग्रीक डॉक्टरबाई होती. डॉक्टर म्हणजे औषधाची नव्हे, मडक्यांची. तंबूत जेवायच्या वेळी चाचांनी आपल्या पिशवीतून मातीची वाडगी काढली आणि तीत मांदेलीचं तिखलं, त्यांच्याकडचं माशांचं आंबट-तिखट कालवण, वाढून घेतलं. बाई बघतच राहिली. वाडगी हातात घेऊन म्हणाली, आमच्याकडे फार जुन्या काळी घराघरात असं लहान भांडं असायचं, त्याला त्रुब्लिऑन म्हणत. देवाबिवासाठी नाही, मेजवानीचं नाही, रोजच्या जेवणाचं. आणि आमच्या जुन्या लिखाणात हे भांडं बारक्या माशांबरोबर येतं.

‘बारके म्हणजे केवढे?’ चाचांनी विचारलं.

बाईने बोट दाखवलं. करंगळीएवढे.

‘मांदेली!’ चाचा ओरडले. मग त्यांनी आपली वाडगी तिच्यापुढे सरकवली आणि ती बाई त्यातून जेवली. काटे तिने कसे काढले याचं वर्णन चाचा करायचे तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. हसून.

त्या दिवसापासून जगातली प्रत्येक लहान वाटी त्यांच्यासाठी त्रुब्लिऑन झाली. आमच्या यादीत लहान वाडग्यांना ‘वाडगा, लहान, प्रकार तीन’ असलं काहीतरी नाव होतं. ते वाचलं की चाचा चिडायचे. ‘प्रकार तीन! कुणाची तरी आई ह्यात पोराला पेज भरवीत होती. भांड्याला नाव असतां, नंबर नाय.’ आणि यादीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात त्रुब्लिऑन लिहायचे. ते खोडायचं काम रजिस्ट्रारबाईंचं.

रजिस्ट्रारबाई इथल्याच, रियाधच्या. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या. भांडाराच्या किल्ल्या नुकत्याच त्यांच्या हाती आल्या होत्या, आणि त्यांच्या आधी त्या किल्ल्या कुठल्याही बाईच्या हाती आल्या नव्हत्या. आत पेन नेऊ द्यायच्या नाहीत, फक्त पेन्सिल. पाण्याची बाटली दारात काढून घ्यायच्या. प्रत्येक वस्तूच्या तळाला स्वतः काळ्या शाईने नंबर घालायच्या, मुंगीने चालत जावं असा. चाचा त्यांना उस्ताझा म्हणत, म्हणजे बाईसाहेब. दोघांचं भांडण रोजचं.

‘मुहंदिस, हा शब्द आमच्या यादीत नाही.’

‘यादीत घाला, उस्ताझा.’

‘घालता येत नाही.’

‘मग मी लिवतो, तुम्ही खोडा. दोघांची नोकरी चालू राहील.’

बाई हसायच्या नाहीत. पण खोडताना रबर हळू चालायचा, असं मला वाटायचं.

ती वाडगी चाचा सगळीकडे न्यायचे. कापडी पिशवीत, गमछ्यात गुंडाळून. रमझानमध्ये इफ्तारच्या तंबूत फॉइलच्या ताटल्या वाटत यायचे, तर चाचांची वाडगी पुढे. वाटणाऱ्याला वाटे हा जास्त मागतोय. एकदा कंपनीने सगळ्यांना मोठ्या हॉटेलात जेवायला नेलं. काचेचे दिवे, पांढरे रुमाल, आणि चाचा बुफेच्या रांगेत मातीची वाडगी घेऊन उभे. मॅनेजर माझ्या कानात म्हणाला, ‘त्यांना सांग ना, इथे प्लेट्स आहेत.’ मी म्हटलं, तुम्हीच सांगा. कुणी सांगितलं नाही.

मी भावाकडे राहते. त्यांना एकदा घरी जेवायला बोलावलं तेव्हा वहिनीने हौसेने स्टीलच्या वाट्या मांडल्या होत्या. चाचांनी एक वाटी उचलली, नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, ‘चांगला त्रुब्लिऑन हाय. पण वाजतो फार.’ आणि पिशवीतून आपली काढली. माझी भाची विचारते, ‘व्हॉट्स दॅट?’ तर म्हणाले, ‘माझी बायको.’

ते खोटं नव्हतं.

लग्नात गावच्या कुंभाराने दोन वाडग्या घडवून दिल्या होत्या, जोडीच्या. सौदीला निघताना चाचांनी एक उचलली. दुसरी चाचीकडे, गावी. इथली दुपारची जुहरची नमाज झाली की चाचा टेबलावर फोन उभा करायचे. तिकडे दुपार कलायला लागलेली असायची आणि चाची पडवीत बसून जेवायला थांबलेली. इकडे वाडगी, तिकडे वाडगी. दोघं जेवायची. फार बोलायची नाहीत. ‘मीठ कमी हाय.’ ‘घाल मग.’ ‘कालवण कोणतां?’ ‘तुमचांच.’ त्या वेळात मीटिंग लागली तर चाचा येत नसत. मॅनेजरने एकदा कारण विचारलं तर सांगितलं, ‘फॅमिली लंच.’

आता माझा मुद्दा, जो मी चाचांना शंभरदा ऐकवला आणि जो त्यांनी शंभरदा उडवून लावला. हा माणूस इतकी वर्षं संग्रहालयांसाठी चित्रं काढतो. त्याची चित्रं पुस्तकांत छापली जातात. आणि इकाम्यावर? मजूर. धंदा मजूर असला की बायकोला इथे राहायला आणता येत नाही. बदलून द्या म्हणून अर्ज केला की कंपनी म्हणणार, बघू. राहायला मलाझमध्येच, पण ‘बॅचलर’ इमारतीत. तीन मुलं शिकवून मार्गी लावलेला, नातवंडं असलेला माणूस, आणि दारावर पाटी: बॅचलर. मी हे बोलायला लागले की माझा आवाज चढायचा आणि चाचा खापर उचलून म्हणायचे, ‘ह्यातनं काय खाल्लं असंल?’

एकदाच ती आली. मुरूड-श्रीवर्धनकडच्या एका ग्रुपबरोबर उमराच्या यात्रेला. चाचा बसने मक्केला गेले. हॉटेलात ग्रुपने बायकांच्या खोल्या वेगळ्या आणि पुरुषांच्या वेगळ्या केल्या होत्या, त्यामुळे नवरा-बायकोची भेट ती हरममध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या मशिदीत, आणि जेवणाच्या हॉलमध्ये. पहिल्या दुपारी चाची जेवायला आली ती पदराखाली काहीतरी धरून. समोर बसली आणि टेबलावर ठेवली. तिची वाडगी. गावाहून घेऊन आली होती, कपड्यांच्या घड्यांत घालून.

‘सौदीत आल्यापासनं दोन्ही एकत्र तेव्हाच बघितल्या,’ चाचा मला सांगत होते. ‘सुट्टीवर जाताना फुटंल म्हणून माझी इथंच ठेवायचो. माझी काळी पडलीय, तिची लाल राहिलीय. म्हणाली, अवो, तुमची म्हातारी झाली. मी म्हटलां, परदेशात हाय ना.’ मग म्हणाले, ‘आता मला दुसरां काय नको गो. फायनल एक्झिट घेतला, गावी गेलो, की दोन्ही वाडग्या एका पाटावर. रोज. त्याच्यासाठी बाकी सगळां चाललंय.’

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलंय.

पँट्रीतलं सिंक तुंबलं म्हणून हे सगळं घडलं. इतकी फालतू गोष्ट. जेवण झाल्यावर चाचांनी वाडगी खापरं धुवायच्या नळावर धुतली आणि शेजारच्या जाळीवर पालथी घातली. जाळीवर त्या हंगामाची, तशीच काळपट, धुतलेली खापरं वाळत होती. संध्याकाळी चाचांना थंडी वाजून ताप भरला. ते तसेच घरी गेले आणि काही दिवस आलेच नाहीत. मला वाटलं, वाडगी त्यांच्याबरोबर आहे. त्यांना वाटलं, मी उचलून ठेवली असेल.

ते परत आले तेव्हा ट्रेमध्ये, दोन फुटक्या काठांच्या मध्ये, त्यांची वाडगी बसली होती. त्यांनी उचलली. उलटी केली. तळाला मुंगीच्या चालीचा नंबर. वर नंबर पुसू नये म्हणून लाखेचा थर, वाळलेला, चकचकीत.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं आता स्फोट होणार. तर खांदे हलायला लागले. ‘पास झाली गो,’ ते हसत म्हणाले. ‘म्हातारी पास झाली.’

हसू टिकलं नाही. नंबर पडलेली वस्तू म्हणजे पुरावस्तू. ती दाराबाहेर नेली तर चोरी. नंबर काढायचा तर समिती बसणार, समिती विचारणार की हा नंबर घातला कुणी. आणि सगळ्या ट्रेचे फोटो तोवर जाऊन पोचले होते तिकडे ग्रीसला, त्याच डॉक्टरबाईकडे. ती आता म्हातारी, घरी बसून फोटोंवरून मतं देते. तिचं मत आलंसुद्धा होतं. या वाडगीबद्दल तिने उत्साहाने लिहिलं होतं: घडण आणि माती वेगळी वाटते, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून व्यापारात आलेली असू शकेल.

‘बरोबर हाय की,’ चाचा म्हणाले. ‘तिथनंच आलीय.’

मी मात्र पेटले. त्याच दिवशी बसून पत्रक लिहिलं, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. ‘वाडगी परत द्या!’ ज्यांनी या माणसाला आयुष्यभर मजूर ठरवलं त्यांनी आता त्याच्या जेवणाचं भांडंही पुरावस्तू ठरवलं, असं काहीतरी त्यात होतं. इकामा होता, बॅचलरची पाटी होती, मक्केची जोडी होती. सांगते, जोरदार होतं. सगळ्या ऑफिसला पाठवायचं ठरवलं होतं मी.

चाचांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. मराठीतलं दोनदा.

‘मस्त लिवलंस. रडू येईल लोकांना.’

‘मग पाठवू?’

‘ह्यात ती पोर कुठे हाय?’

‘कोण पोर?’

‘उस्ताझा.’

मी म्हटलं, तिचा काय संबंध? चूक तिची आहे.

‘तेच तर. ह्यात तिचां नाव नाय, पण वाचून झाल्यावर लोक पयलां तिलाच शोधणार. आतापर्यंत एक चूक नाय तिची. सगळे टपून बसलेत, बाई कधी चुकते. आणि चुकली कशावर? कामगाराच्या जेवणाच्या वाडगीवर. हसतील गो. वर्षानुवर्षं हसतील.’

‘आणि तुमची वाडगी? पाटावरच्या दोन?’

चाचांनी पत्रकाची एक घडी घातली, मग दुसरी, मग वाकून टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल हलवून बघितलं. ‘बसला,’ म्हणाले.

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. अजूनही मला वाटतं, बोलायला हवं होतं त्यांनी. हक्क होता. मी एवढी वर्षं जे ओरडत आले त्यात असल्या गप्प बसण्याला जागा नव्हती, आणि आजही ती मी करून दिलेली नाही.

पण शास्त्राशी खोटेपणा त्यांना चालणार नव्हता. त्यांनी माझ्यासमोर डॉक्टरबाईंना फोन लावला.

‘डॉक्टर, ती भारतातली वाडगी. तुम्ही ओळखता तिला.’

‘मी?’

‘तुम्ही तिच्यातून मासे खाल्लेत.’

पलीकडे त्या बाईला हसू फुटलं, हसता हसता खोकला लागला, खोकला थांबेना. शेवटी म्हणाल्या, ‘त्रुब्लिऑन!’ आणि पुन्हा खोकला. चाचांनी सगळं सांगितलं, उस्ताझाचंही. डॉक्टरबाई हुशार होत्या. त्यांनी आपलं मत बदलून दोन ओळी पाठवल्या: नंतरच्या काळातली वस्तू, चुकून जुन्या थरात मिसळलेली, प्रसिद्धीसाठी घेऊ नये. उत्खननात असं होतं, त्यात कुणाची चूक धरत नाहीत. शास्त्रही बचावलं, रजिस्ट्रारबाईंचं नावही बचावलं. नंबर मात्र पडला तो पडला. वाडगी कपाटात गेली.

त्यानंतर चाचा प्लास्टिकच्या डब्यातून जेवायला लागले. मसाला पाठवतात तसला डबा, झाकण हरवलेला. फोनवर चाचीने पहिल्याच दिवशी पकडलं. ‘वाडगी कुठाय?’ चाचा म्हणाले, ‘कामावर लागली.’ चाची म्हणाली, ‘तिला तरी पगार देतात ना?’

आणि मग कंपनीने चाचांचं काम कॉम्प्युटरला दिलं. भांडं यंत्राखाली फिरवायचं, चित्र आपोआप तयार. काय खाल्लं असेल, हे यंत्र विचारत नाही. फायनल एक्झिटचे कागद झाले. निरोपाला कंपनीने काचेची एक पाटी दिली, तिच्यावर नाव चुकीचं कोरलेलं. मी मॅनेजरला ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तेवढं तरी केलं.

शेवटच्या दिवशी दुपारी नमाजहून येऊन चाचा टेबलाशी बसले. डबा काढला. फोन उभा केला. एवढ्यात दारात रजिस्ट्रारबाई. पांढरे मोजे घातलेल्या हातांत ट्रे, ट्रेवर फोम, फोमवर वाडगी.

‘मुहंदिस,’ त्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, ‘या वस्तूचं चित्र राहिलंय. अभ्यासासाठी बाहेर काढली आहे. इथे सही करा.’

चाचा उठून उभे राहिले. दोघं एकमेकांकडे बघत होती, आणि मी दोघांकडे. वाडगी कुणाची ते बाईंना कळलं होतं. कधी, कसं, मला आजतागायत माहीत नाही. कदाचित रोज काचेतून तो डबा दिसत होता म्हणून. कुणीच ते बोललं नाही. बोलायला पाहिजे असं मला ओरडून सांगायचं होतं. मी पहिल्यांदाच गप्प बसले.

चाचांनी सही केली.

‘अभ्यासाच्या वेळी मी आत थांबत नाही,’ बाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं नाही. ‘दार लावून घेते.’

चाचांनी डब्यातलं तिखलं वाडगीत ओतलं. बथ्थ्याच्या बाजारातली गोठवलेली मांदेली, त्यांनी सकाळी उठून केलेली. फोनवर चाची आली. तिने लगेच पाहिलं.

‘आली का कामावरनं?’

‘आली. आजच्यापुरती.’

‘घेऊन येताय ना?’

‘नाय. सही केलीय.’

चाची घास हातात धरून थांबली. पडवीतून कोंबड्यांचा आवाज येत होता. ‘मग पाटावर एकच?’

‘एकच.’

‘मग पाळीने जेवू. आधी मी.’

‘तू आधी जेवलीस की मासे उरणार हायत का?’

‘तुम्ही या तर,’ ती म्हणाली, आणि जेवायला लागली. चाचाही जेवले. मला त्यांनी खूण केली. मी, साताऱ्याची, मासे न खाणारी, त्यांच्या वाडगीत बोट बुडवून चाटलं. आंबट, तिखट, आणि डोळ्यांतून पाणी. मी तिखटावर ढकललं.

मग त्यांनी वाडगी धुतली. खापरांच्या नळावरच. आपल्या गमछ्याने पुसली, जाळीवर नाही ठेवली. मी हळूच म्हटलं, ‘चाचा, पिशवीत घाला. मी दारात बोलत बसते.’

‘सही केलीय गो,’ ते म्हणाले, आणि दार उघडलं.

बाईंनी मोज्यांच्या हातांनी वाडगी घेतली, उलटी करून नंबर पाहिला, मग नाकाशी नेली. ‘वास येतोय.’

‘तो जात नाय, उस्ताझा.’

‘काय होतं?’

‘मांदेली. बारके मासे.’

‘मांदेली,’ बाईंनी एकदा म्हणून पाहिलं, आणि ट्रे घेऊन भांडारात गेल्या.

चाचा गावी गेले त्याला बरेच दिवस झाले. अधूनमधून फोटो येतो. पाटावर एकच लाल वाडगी, दोन्ही बाजूंनी दोन हात. आमची खोली आता शांत आहे. यंत्र गुणगुणतं आणि मडकी त्याच्याखाली गोल फिरतात. मी पाट्या लिहिते. लहान वाडग्याची पाटी आली की पेन्सिलीने त्रुब्लिऑन लिहून पाठवते, ती खोडून परत येते, आणि हे आमचं दोघींचं रोजचं चालतं. दुपारी जेवायला बसले की मला कुणाचा तरी आवाज हवा असतो. कुणीतरी मला घाटावरची म्हणावं असं वाटतं.

गेल्या आठवड्यात मी रीतसर अर्ज केला: एक वस्तू अभ्यासासाठी पाहायची आहे. कारण विचारलं नाही. बाईंनी स्वतः कपाट उघडलं, ट्रे माझ्यापुढे ठेवला आणि यावेळी बाहेर गेल्या नाहीत. मी मोजे काढले. नियमाविरुद्ध आहे, मला माहीत आहे. वाडगी तळहातावर घेतली, काठावरून अंगठा फिरवला. गार होती, आणि जरा खरखरीत. तोंडातून आपोआप निघालं, मोठ्याने, मराठीत:

‘ह्यातनं काय खाल्लं असंल?’

बाईंना मराठी येत नाही. पण हा प्रश्न त्या रोज काचेपलीकडून ऐकत होत्या.

‘मांदेली,’ त्या म्हणाल्या.